कोपऱ्यावरचं दुकान

बीडच्या जुन्या पेठेतलं आजोबांचं किराणा दुकान कोपऱ्यावर आहे, म्हणून त्याच्या फळ्या दोन्ही रस्त्यांना उघडतात. वर माळवद: लाकडी तुळया आणि मातीचा जाड थर. भर मे महिन्यातही आत गारवा.

ते बांधलं तेव्हा बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. गल्ल्यात हाली सिक्का पडायचा. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी हाली १९५९ पर्यंत भारतीय रुपयासोबत चालला. त्यातच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. दुकान जागचं हललं नाही. जिल्हा मात्र १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात गेला.

आता माळवद उतरवून स्लॅब टाकायचा आहे. घरच्यांचंही खरं आहे, पावसाळ्यात छत गळतं. अशा दुकानांवर पुरातत्त्व खात्याची पाटी लागत नाही. कोड बदलण्याआधी मी जुनी आवृत्ती जपून ठेवतो. म्हणून या सुट्टीत टेप घेऊन भिंती मोजल्या, फळ्यांचे फोटो काढले आणि शेराचं माप माझ्या बॅगेत टाकलं.

तुमच्या कोपऱ्यावरचं दुकान अजून उभं आहे का? मग फोन काढा.