नवान्न: पहिला घास देवाचा

नवे भात घरात आले तरी देवाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवायचे नाही, हा कोकणपट्टीतला नेम फार जुना आहे. वैदिक काळात त्यासाठी आग्रयण ही इष्टी, म्हणजे यज्ञ, होता. त्यात शरदात नव्या तांदळाची आणि वसंतात जवाची आहुती देत. अग्निहोत्र्याने नवसस्येष्टी, म्हणजे नव्या पिकाची इष्टी, केल्याशिवाय नवे धान्य खाऊ नये, असे मनुस्मृतीचा चौथा अध्यायही सांगतो.

नेम पाळणे सोपे नव्हते. भाद्रपद-आश्विनात कणगीतले जुने भात तळाला गेलेले असे आणि नेमके तेव्हाच हळवे, म्हणजे लवकर येणारे, भात पिकून डोळ्यांसमोर डुलत असे. भूक लागलेली असताना थांबायचे! पीक नुसत्या आपल्या घामाने आलेले नाही, ही कबुली त्या थांबण्यातच होती.

कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरी आणि झेंडूचे फूल आंब्याच्या पानात घालून सुतळीने आवळले की ‘नवे’ तयार होते. देव्हारा, दाराची चौकट, तुळस, कणगी, नांगर, सगळीकडे एकेक नवे बांधतात. गोव्यात गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला, कणसे पुजतात. वारली आदिवासींची धान्यदेवता कणसरी. तिची कथा भगत घांगळी या वाद्याच्या सुरावर गातो, आणि देवाला दिल्याविना वारली नवा भात खात नाहीत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली अनेक गावे ख्रिस्ती झाली. देव्हाऱ्याच्या जागी क्रूस आला, पण आधी देव आणि मग आपण हा क्रम हलला नाही. गोव्यात साष्टीतल्या राय गावात 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, ताळगावात 21 ऑगस्टला. पाद्री शेतात जाऊन कणसांना आशीर्वाद देतो, पहिली कणसे विळ्याने कापली जातात आणि वाजतगाजत चर्चमध्ये येतात. घरोघरी ती क्रुसाजवळ ठेवतात. त्यांतले थोडे दाणे सोलून नारळाचा रस आणि गुळाबरोबर खातात. वसई आणि मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात हाच सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ म्हणून होतो.

शेते आता पुष्कळ गेली. शहरातली माणसे लोंब्यांची जुडी बाजारातून विकत आणतात. चौकटीवरचे गेल्या वर्षीचे नवे तोवर वाळून तपकिरी झालेले असते. ते उतरवून त्याच खिळ्याला नवीन अडकवतात.