कोर्ट स्ट्रीटचं सोंग

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवर निघालेल्या चित्रपटांत मला सर्वांत प्रिय आहे तो १९७४ सालचा 'द टेकिंग ऑफ पेल्हॅम वन टू थ्री'. चार बंदूकधारी भर दुपारी लोकलचा एक डबा प्रवाशांसकट ओलीस धरतात आणि शहराकडे तासाभरात दहा लाख डॉलर मागतात. गोष्टीत हे घडतं मॅनहॅटनमधल्या अठ्ठाविसाव्या रस्त्याच्या स्टेशनाजवळ. चित्रीकरण मात्र झालं नदीपलीकडे, ब्रुकलिनच्या कोर्ट स्ट्रीट स्टेशनात. तिथली प्रवासी वाहतूक बंद पडून तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.

या स्टेशनाचं नशीबच खोटं. १९३६ साली ते उघडलं, तेव्हा मार्ग पुढे नदीखालून मॅनहॅटनला न्यायचा बेत होता. तो कागदावरच राहिला. मग शेजारच्या होयट-शर्मरहॉर्न स्टेशनापर्यंत एक छोटी गाडी तेवढी खेपा घालायची. जवळपास दुसरी गजबजलेली स्टेशनं असताना तिच्यात बसणार कोण? १९४६ साली कुलूप लागलं. रूळ, फलाट, वीज मात्र जागच्या जागी राहिली, आणि दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांना नेमकं तेच हवं होतं. गाडी हवी तेवढा वेळ उभी करता येई आणि कोणाचा खोळंबा होत नसे.

परवानगी सहज मिळाली नाही. पडद्यावरचं पाहून कोणी माथेफिरू खरीच गाडी पळवील, ही रेल्वेच्या अधिकाऱ्यांची धास्ती. त्यांनी निर्मात्यांना दोन कोटी डॉलरचा विमा उतरवायला लावला, आणि त्यात या माथेफिरूची तरतूदही करून घेतली! दुसरी अट होती रंगरंगोटीची. त्या काळी शहरातले डबे आतून-बाहेरून स्प्रेच्या अक्षरांनी माखलेले असत. चित्रपटात ती अक्षरं दिसता कामा नयेत, असं बजावलं गेलं. म्हणून पडद्यावरची गाडी इतकी स्वच्छ. एवढ्या खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या चित्रपटातली ही एक लबाडी मला अजून खुपते.

डब्यांची तर आणखी गंमत. कोर्ट स्ट्रीटचा मार्ग दहा फूट रुंद डब्यांसाठी बांधलेला. पेल्हॅमची लोकल ज्या जुन्या मार्गावर धावते तिथले डबे नऊ फुटांहूनही अरुंद. पडद्यावर हे अरुंद डबे त्या रुंद मार्गात उभे दिसतात, आणि न्यूयॉर्कचे रेल्वेवेडे हा फरक चटकन ओळखतात. धोका मात्र सोंगाचा नव्हता. गाडी खरी, म्हणून तिला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळातली सुमारे ६०० व्होल्टची वीजही खरी, आणि नटांना वावरायचं होतं त्याच रुळाजवळ, भुयाराच्या अंधारात.

पेल्हॅम बे पार्कहून १ वाजून २३ मिनिटांनी सुटणारी गाडी, एवढाच चित्रपटाच्या नावाचा अर्थ. चित्रपट आल्यावर कित्येक वर्षं वेळापत्रकात ती वेळ टाळली जाई. कोर्ट स्ट्रीटचं कुलूप मात्र निघालं. ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, तिथं जुन्या डब्यांचं प्रदर्शन भरलं. ते काही दिवसांसाठीच होतं, पण लोक येत राहिले आणि त्याचं न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम झालं. आजही रस्त्यावरून स्टेशनाचाच जिना उतरून आत जावं लागतं.