अस्वलाच्या तेलाची बाटली



आठवडे बाजाराच्या कडेला जमिनीवर फडके पसरून, त्यावर मुळ्या, साळिंदराचे काटे आणि काळपट तेलाच्या लहान बाटल्या मांडून बसणारा माणूस आपल्यापैकी वयस्क मंडळींनी पाहिलेला आहे. "अस्वलाची चरबी! गुडघ्याचा वात जागच्या जागी!" असे तो ओरडत असे. आज आम्हांला त्या बाटलीचा इतिहास सांगावयाचा आहे. ती विकत घेणारे बहुतेक लोक पाठीवर ओझे वाहणारे होते, आणि अशा लोकांतच आमचे आयुष्य गेले, म्हणून हा विषय निवडला.

अस्वल आपल्या जिल्ह्याला परके नाही. आपले मेहकर पैनगंगेच्या काठी मोकळ्या मुलखात वसलेले असले, तरी उत्तरेस बुलढाणा आणि खामगाव यांच्या दरम्यान अजिंठ्याच्या डोंगररांगेत बोथ्याचे जंगल आहे. तेथे १९९७ साली सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य झाले. त्यात आजही अस्वले आहेत. वारूळ फोडून वाळवी ओढून घ्यावी, मध लुटावा, बोरे खावीत आणि चैत्रात मोहाच्या फुलांवर ताव मारावा, असा या प्राण्याचा संसार.

या प्राण्याचे मांस आणि चरबी माणसाने औषध म्हणून वापरली, ही गोष्ट फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गुहेत राहणाऱ्या प्राण्यांचा एक वर्ग सांगितला आहे. त्यात सिंह, वाघ, लांडगा यांच्याबरोबर ऋक्ष, म्हणजे अस्वल, येते. या वर्गाचे मांस जड, स्निग्ध, बलवर्धक, उष्ण आणि वातनाशक मानलेले आहे. बाजारातल्या विक्रेत्याच्या आरोळीचे मूळ इतके दूर जाते. चरकसंहितेत तर याहून मौजेची गोष्ट आहे. क्षयाने खंगलेल्या रोग्याला सिंह, अस्वल, तरस, वाघ यांचे मांस द्यावे, परंतु ते हरणाचे आहे असे सांगून द्यावे, असा तेथे सल्ला आहे. म्हणजे त्या काळीही हे मांस कोणी आवडीने मागत नव्हते. किळस येईल म्हणून नाव बदलावे लागत होते.

पुढे जांबवंताची कथा घरोघरी पोचली. रामाच्या सैन्यातला वृद्ध सल्लागार आणि श्रीकृष्णाचा सासरा म्हणून अस्वलाला सोयरिकीचा मान मिळाला. हे मांस खाणारा तो रानातला, ज्याच्या वाट्याला वर्षातून मोजक्या वेळी मांस येई. त्याला गावाने हलके लेखले. परंतु त्याच्याकडूनच चरबी आणून, रात्री दार लावून ती गुडघ्याला चोळण्यास पुष्कळांची हरकत नव्हती. मांसाला विटाळ होता, तेलाला नव्हता!

इंग्रज आले आणि शिकारीचा खेळ वाढला. अस्वलाची शिकार ही साहेबाची करमणूक झाली. सांधेदुखीवर अस्वलाची चरबी गुणकारी आहे ही समजूत हिंदुस्थानातल्या युरोपियनांतही पसरली होती. खुद्द लंडनमध्ये जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी १७९९ साली सुगंधी द्रव्यांचे दुकान काढले, ते केसांना लावण्याच्या अस्वलाच्या चरबीवर नावारूपास आले. अस्वल केसाळ, म्हणून त्याच्या चरबीने केस वाढतात, हा तर्क! तेव्हा भोळेपणा काही आपल्याच बाजारात होता असे नाही. इकडे शिकारीत मात्र कातडे दिवाणखान्यात जाई, आणि जीव धोक्यात घालून हाका घालणाऱ्यांच्या पदरी पडे ती तुटपुंजी मजुरी.

जेथे अस्वलावर खरोखर जीव जगला, असेही प्रसंग आहेत. १५९६-९७ च्या हिवाळ्यात विलेम बॅरेंट्सच्या डच खलाशांना उत्तरेकडील नोवाया झेम्ल्या बेटावर बर्फात अडकून राहावे लागले. त्यांनी मारलेल्या अस्वलांच्या चरबीवर दिवे जाळले. पण अस्वलाचे काळीज खाल्ल्यावर ते आजारी पडले आणि काहींची कातडी सोलून निघाली. त्या काळजात जीवनसत्त्व 'अ' विषासारखे साठलेले असते, हे शास्त्राला पुष्कळ नंतर कळले. अस्वलाचे मांस नीट शिजले नाही, तर त्यातून ट्रायकिनेला नावाचे सूक्ष्म कृमी माणसाच्या स्नायूंत जातात, हेही आता सिद्ध आहे.

आता थोडा हिशेब करू. थंड देशांतले अस्वल हिवाळाभर झोपते, म्हणून आधी खाऊन खाऊन अंगावर चरबीचे थर चढवते. आपले अस्वल तसे झोपत नाही. त्याला एवढा साठा करण्याचे कारण नाही. मग बाजारोबाजारी एवढ्या बाटल्या भरत होत्या कोठून? त्यांत दुसरीच कसली तरी चरबी आणि तेल असणार, हे सांगावयास वैद्य लागत नाही.

एका हमालाने अशी बाटली एकदा आम्हांला दाखविली आणि खरी की खोटी ते विचारले. आम्ही त्याला ती कशी लावतोस एवढेच विचारले. तो म्हणाला, "तेल कोमट करतो. घरची अर्धा तास चोळून देते. मग दुसऱ्या दिवशी कामाला जात नाही." आम्ही म्हटले, "मग गुण कशाचा? ऊब, चोळणे आणि सुटी यांचा. बाटलीत गोडे तेल असते तरी हाच गुण आला असता." तो हसला आणि म्हणाला, "सुटी मागितली तर कोण देतो? बाटलीचे नाव सांगितले की घरचे तरी पडू देतात."

या उत्तरात आमच्या मते बाटलीचा सगळा इतिहास आला. दुखणे खरे होते. त्यावरचा खरा उपाय विश्रांती आणि दवाखाना हा होता. तो मिळत नव्हता, म्हणून अस्वल मरत होते.

महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार यांची वाट त्याने उघडली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७२ साली, देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. अस्वल आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणाऱ्यास तीन ते सात वर्षे कारावास होऊ शकतो. दरवेशी दारोदार फिरवीत ते नाचणारे अस्वलही गेले. देशातले शेवटचे असे अस्वल सोडविल्याचे प्राणिमित्र संस्थांनी २००९ साली जाहीर केले.

हे दोन कायदे वेगळ्या खात्यांचे असले, तरी आम्हांला ते एकमेकांचे शेजारी वाटतात. जोवर पाठ दुखणारा माणूस निराधार आहे, तोवर कोणी ना कोणी त्याला रानातले औषध विकणारच. तेव्हा मेहकरकरांना आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. अशी बाटली कोठे विकावयास आली, तर घेऊ नका आणि वनखात्याला कळवा. आणि उद्या सकाळी दुकान उघडाल, तेव्हा पोती उतरविणाऱ्याला एवढे विचारा की, "बाबा, तुझे नाव मंडळाकडे नोंदले आहे काय?"