ज्या : धनुष्याच्या दोरीचा इतिहास

वर्तुळावरील कोणतेही दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला आपण ‘जीवा’ म्हणतो. हा शब्द मुळात भूमितीचा नाही. ‘जीवा’ आणि ‘ज्या’ या दोन्ही संस्कृत शब्दांचा अर्थ धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे वाकलेले धनुष्य, आणि त्याची टोके जोडणारी रेषा म्हणजे ताणलेली दोरी. वर्गात आपण रोज जिचे नाव घेतो, ती दोरी प्रत्यक्षात कशाची करत असत?

उत्खननातून याचे उत्तर क्वचितच मिळते. बाणाची दगडी वा लोखंडी टोके हजारो वर्षे टिकतात, पण दोरी कुजून जाते. इंग्लंडचे ‘मेरी रोज’ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले. १९८२ साली त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. त्यातून शंभरावर अखंड धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. दोरी मात्र एकही मिळाली नाही. याला अपवाद आल्प्स पर्वतातला. १९९१ साली तेथे बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शव सापडले. त्याच्या भात्यात पिळाची एक लांब दोरी होती. ती झाडाच्या सालीची असावी असे बरीच वर्षे मानले जाई. अलीकडच्या तपासणीत ती प्राण्याच्या कंडरांपासून वळलेली असल्याचे दिसून आले.

कौटिल्याची यादी

भारतात अशी दोरी जमिनीतून मिळण्याची आशा कमीच. येथे ग्रंथ मदतीला येतात. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली म्हैसूरला उजेडात आली आणि १९०९ साली शामशास्त्री यांनी तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यातील आयुधागाराच्या प्रकरणात ज्येसाठी सहा पदार्थ सांगितले आहेत : मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू.

यांतले बरेचसे आपल्या परिचयाचे आहेत. अर्क म्हणजे रुई. तिच्या खोडाच्या सालीत चिवट, चमकदार धागा असतो. शण म्हणजे शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग. गवेधु हे एक गवत, तर वेणु म्हणजे बांबू. ‘स्नायू’ वाचताना थोडी सावधगिरी हवी. आज आपण मांसपेशीला स्नायू म्हणतो. येथे अर्थ आहे कंडरा, म्हणजे मांसपेशीला हाडाशी जोडणारा चिवट पांढरा पट्टा.

यादीत मूर्वा पहिली आहे. तिचा मान एवढा की ‘मौर्वी’ हा शब्दच ज्येला समानार्थी झाला. मनुस्मृतीत उपनयनाच्या वेळी क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या ज्येची असावी असे सांगितले आहे. पण मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर एकमत नाही. प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वनस्पती या नावाने ओळखल्या जातात. त्यांपैकी एक तलवारीसारख्या जाड पानांची, आज कुंडीत शोभेसाठी लावतात त्या ‘स्नेक प्लँट’च्या जवळच्या नात्यातली. या गटाला इंग्रजीत ‘बोस्ट्रिंग हेम्प’, म्हणजे धनुष्याच्या दोरीचा ताग, असेच नाव आहे. दुसरी रुईच्या कुळातली एक वेल. राजमहालच्या टेकड्यांतील लोक तिच्या सालीच्या धाग्यापासून धनुष्याच्या दोऱ्या करतात, अशी नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी केली होती.

दोरीला काय यावे लागते?

चांगली ज्या मजबूत हवी, हलकी हवी आणि ताणली न जाणारी हवी.

मजबुतीचे कारण उघड आहे. बाण सुटल्यावर दोरी धनुष्याच्या दोन्ही भुजांना एकदम अडवते. त्या हिसक्याला पुरून उरावे म्हणून, धनुष्य ओढायला जेवढे बल लागते त्याच्या साधारण चौपट बल सहन करणारी दोरी घेतात. हलकेपणाचे गणित थोडे वेगळे. दोरीचा मधला भाग बाणाच्याच वेगाने पुढे जातो, टोके मात्र फारशी हलत नाहीत. म्हणून दोरीच्या वस्तुमानाचा सुमारे एक तृतीयांश भाग बाणात मिळवूनच वेगाचा हिशेब करावा लागतो. दोरी १५ ग्रॅमची असेल तर बाण जणू ५ ग्रॅमने जड होतो. आणि दोरी लांबली, तर धनुष्याचा ताण कमी होतो आणि बाण अपुरा पडतो.

ताणाच्या बाबतीत कातडे आणि कंडरा पाण्यापुढे हरतात. पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडते आणि वाजवणारा ती शेकून घेतो, हे आपण पाहिलेले असते. कच्च्या कातड्याच्या वादीचेही तसेच होते. वादी काढताना कातडे चकतीसारखे घेऊन कडेपासून आत गोल गोल कापतात, म्हणजे सलग लांब पट्टी मिळते. ती भिजवून, पिळून, ताणलेल्या स्थितीत वाळवतात. कंडरा वाळवून, कुटून तिचे धागे सुटे करतात आणि एकाच्या शेवटाशी दुसरा मिळवत दोर वळतात. कोरड्या वा अतिथंड प्रदेशात अशा दोऱ्या उत्तम काम देतात. वनस्पतींचा पिळाचा दोर मात्र भिजल्यावर फुगतो आणि उलट थोडा आखडतो. कौटिल्याच्या सहांपैकी पाच पदार्थ वनस्पतिजन्य आहेत. मोसमी पावसाच्या देशात हे स्वाभाविकच म्हणायला हवे.

त्यांतला बांबू तर ज्येसाठी पुढेही वापरात राहिला. भिल्लांच्या तिरकामठ्यात धनुष्य बांबूचे आणि दोरीही बांबूच्या सालीच्या पातळ कामटीची असते. बांबूच्या बाहेरच्या थरात धागे दाट असतात, त्यामुळे ती जवळजवळ ताणलीच जात नाही. ग्रंथात एका शब्दात आलेली ही गोष्ट जंगलातल्या माणसांनी हातांनी जपली.

दोरीपासून ‘साइन’पर्यंत

दोरी कुजली, पण तिचे नाव दूरवर गेले. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात अर्ध्या ज्येची कोष्टके दिली. अरबी विद्वानांनी ‘जीवा’ हा शब्द ‘जीब’ असा घेतला. अरबीत स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून पुढे तो ‘जैब’ असा वाचला गेला. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा घोळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला आणि त्याचा झाला ‘साइन’.

वर्गात करून पाहा

अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख घ्या. (घायपात अमेरिकेतून आलेला, तेव्हा कौटिल्याला तो ठाऊक असणे शक्य नाही.) दोन पेड एकाच दिशेने पिळा आणि मग एकमेकांवर उलट दिशेने वळा. प्रत्येक पेडाला उलगडायचे असते, पण त्याचे उलगडणे म्हणजे दुसऱ्याला अधिक घट्ट करणे. म्हणून दोर सुटत नाही. तेवढ्याच लांबीची कच्च्या कातड्याची वादी मिळाली तर तीही घ्या. दोन्हींना जमिनीलगत सारख्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या टांगा. कोरडी लांबी मोजा, मग पाणी शिंपडून तासाभराने पुन्हा मोजा. कौटिल्याच्या यादीत मूर्वा पहिली आणि स्नायू शेवटी का, यावर विद्यार्थ्यांना त्या आकड्यांवरूनच तर्क करू द्या.