नंदुरबारचा शास्त्रज्ञ, झाडाची साल आणि अंडाशयाचा कॅन्सर



या मालिकेत मी बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. अंडाशयाच्या कॅन्सरवर उपचार कसे सापडत गेले, त्याचा हा इतिहास आहे. मी डॉक्टर नाही, पायदळातला माणूस. हे सगळं वाचायला लागलो त्याचं कारण घरचं आहे, ते पुढे सांगतो.

आधी जागा समजून घेऊ. अंडाशय दोन असतात, बदामाएवढे, ओटीपोटात खोल, गर्भाशयाच्या दोन बाजूंना. तिथे रोग सुरू झाला तरी बराच काळ काही ठळक जाणवत नाही. पोटाच्या पोकळीत पेशी पसरतात, पाणी साचतं, तेव्हा कुठे त्रास कळतो. म्हणून बहुतेक स्त्रियांचं निदान रोग पसरल्यानंतर होतं.

इतिहासाची सुरुवात सुरीपासून होते. डिसेंबर १८०९. पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते तेव्हाची गोष्ट. अमेरिकेत केंटकीमधल्या डॅनव्हिल गावी डॉ. इफ्रेम मॅकडॉवेल यांच्याकडे जेन टॉड क्रॉफर्ड ही स्त्री सुमारे १०० किलोमीटर घोड्यावरून आली. पोट इतकं वाढलं होतं की दिवस गेलेत असंच सगळ्यांनी धरलं होतं. शस्त्रक्रियेसाठी भूल देणं १८४६ नंतर रूढ झालं. म्हणजे ती पूर्ण शुद्धीत असताना मॅकडॉवेल यांनी पोट उघडलं आणि अंडाशयाची सुमारे १० किलोंची गाठ काढली. २५ मिनिटं लागली. बाई वाचली आणि पुढे ३२ वर्षं जगली. ती गाठ बहुधा कॅन्सरची नव्हती. पण पोट उघडूनही माणूस जगू शकतो हे दिसलं.

कॅन्सर पसरलेला असेल तर मात्र एकट्या सुरीचं काही चालत नसे. डीएनएची रचना उलगडण्यात जिच्या क्ष-किरण छायाचित्रांचा मोठा वाटा आहे, ती रोझालिंड फ्रँकलिन १९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होती. पोट सुजून कपडे बसेनात, हे तिथे तिच्या लक्षात आलं. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले. १६ एप्रिल १९५८ रोजी, ३७ व्या वर्षी ती गेली.

पुढची मदत धातूतून आली, तीही अपघाताने. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जीवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जीवाणू वाढत होते, पण त्यांचं विभाजन थांबलं होतं. शोध घेतल्यावर कळलं की हे काम विजेचं नसून तारांमधल्या प्लॅटिनमचं होतं. त्यातून सिसप्लॅटिन हे औषध आलं. १९७८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि ज्या रोगांसाठी मिळाली त्यांत अंडाशयाचा कॅन्सर होता.

आता आपल्या माणसाची गोष्ट. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिकेत पीएच.डी. १९६२ मध्ये ते नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल गोळा झाली होती. त्या सालीतलं द्रव्य या दोघांनी वेगळं केलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच टॅक्सॉल. पण ते पाण्यात विरघळेना, सालीतून निघे अगदी थोडं, आणि कुणाला त्यात फारसा रस नव्हता. १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं की पेशीचं विभाजन होताना जो सांगाडा उभा राहतो, तो हे औषध आहे तसाच जखडून टाकतं. तेव्हा चक्रं फिरली. डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता मिळाली, सर्वांत आधी अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. साल गोळा झाल्यापासून ३० वर्षं.

याची किंमत झाडांनी मोजली. साल सोलली की झाड मरतं, आणि एका रुग्णासाठी कित्येक झाडं लागत. पुढे पानांपासून औषध बनवण्याची रीत निघाली, पण तोवर आपल्या हिमालयातल्या यूवरही कुऱ्हाड पडली होती. गढवालमध्ये त्याला थुनेर म्हणतात. तिथे पोस्टिंगला असताना मी ती झाडं रोज पाहत होतो. नुसतं एक झाड म्हणून. जाता जाता एक इशारा: हे झाड विषारी आहे. कुणी त्याचा काढा सुचवला तर घेऊ नका.

आता घरचं. निवृत्तीनंतर काही महिन्यांनी माझी पत्नी म्हणाली, "अहो, पोट सारखं फुगल्यासारखं वाटतं. दोन घास खाल्ले तरी भरतं." मी म्हणालो, "वय झालं आता. चालायला जात जा." ओव्याचं पाणी झालं, गॅसच्या गोळ्या झाल्या. जवान एमआय रूममध्ये तीन दिवस सलग आला तर मी चौकशी करत असे. घरच्या माणसाची तक्रार मात्र मी पाच महिने ऐकून सोडून दिली. निदान झालं तेव्हा रोग पोटभर पसरला होता. शस्त्रक्रिया झाली, मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. पिशवीवरचं नाव मी वाचलं: पॅक्लिटॅक्सेल. म्हणजे तेच टॅक्सॉल. सोबत प्लॅटिनमचं दुसरं औषध. त्या दोन औषधांनी आम्हाला चार वर्षं दिली. त्यांत नातवाचं बारसं झालं. पाच महिने मी घालवले नसते तर किती मिळाली असती, हे कुणीच सांगू शकत नाही. पण प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे.

तुम्ही म्हणाल, मग सरसकट तपासणी का करत नाहीत? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर तो प्रयोग झाला. सीए-१२५ ही रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी, दोन्ही वापरून पाहिलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: मृत्यू कमी झाले नाहीत. आणि पॅप टेस्ट गर्भाशयमुखासाठी असते, तिच्यावरून अंडाशयाचं काही कळत नाही.

लष्करी भाषेत सांगायचं तर शस्त्रं आली, पण पुढची टेहळणी चौकी अजून उभी राहिलेली नाही. तोवर ती चौकी म्हणजे घरातली माणसं. चार गोष्टी लक्षात ठेवा: पोट फुगणं, थोडं खाऊन पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला वारंवार जावं लागणं. यातलं काही नव्यानं सुरू झालं असेल आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त वेळा होत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि पोटाची सोनोग्राफी करण्याबद्दल विचारा. बहुतेकदा काही निघणार नाही. ते उत्तमच. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना अंडाशयाचा वा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर बीआरसीए या जनुकांच्या तपासणीबद्दलही विचारा. ही जनुकं १९९४-९५ मध्ये सापडली. दोष वडिलांकडूनही येऊ शकतो.

आज हा भाग संपला की घरात एकदा विचारा, "तुला काही त्रास होतोय का?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

जय हिंद.