जवळचा आवाज : मेहकरची कविता, ध्वनिमुद्रिका आणि पॉडकास्ट

बुलढाणा जिल्ह्यातील सार्वजनिक आवाजाला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एकच कसोटी लागू होती, ती म्हणजे तो किती दूर जातो. कोतवालाची दवंडी, देवळापुढचे कीर्तन, बाजाराच्या दिवशीचा पुकारा हे सर्व उघड्यावर आणि गर्दीत चालत असल्यामुळे छातीतून निघणारा, शब्द तोडून फेकणारा स्वर हीच वक्त्याची व गायकाची पात्रता मानली जाई. गाडगे महाराज आणि तुकडोजी महाराज यांनी पुढे वऱ्हाडात जे श्रोते घडवले, तेही याच परंपरेतले होते. आरंभीच्या ध्वनिमुद्रणाने ही कसोटी बदलली नाही, उलट ती अधिक कठोर केली. त्या काळी गायकाला एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे आणि त्याच्या आवाजाच्या जोरानेच सुई हलून मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जाई. म्हणून हळुवार स्वराला तबकडीवर जवळजवळ जागाच नव्हती.

1925 च्या सुमारास ही अडचण दूर झाली. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील ई. सी. वेंटे यांनी 1916 साली कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला होता. त्यात एका धातूच्या पट्टीसमोर अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो, त्या दोहोंवर विजेचा दाब ठेवलेला असतो आणि आवाजाने पडदा थरथरला की दोहोंतील अंतर बदलून त्याच प्रमाणात विजेचा संकेत बदलतो. हा संकेत वाढवून तबकडी कोरणाऱ्या यंत्राला देता येऊ लागल्यावर गायकाच्या जोराची गरज संपली, आणि अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारख्या गायकांनी कानाशी बोलल्यासारखे गाण्याची रीत रुजवली.

मराठीत या बदलाचे सर्वांत ठळक फळ ज्या कवितेला आले, ती कविता बुलढाणा जिल्ह्यातली आहे. मेहकर येथे वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांचा जन्म 1909 साली सेंदुरजन येथे झाला. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी स्वरबद्ध करून गायिली, 1930 च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताचा प्रारंभ सामान्यतः या मुद्रिकेपासून मानला जातो. रेल्वे न पोहोचलेल्या, पैनगंगेकाठच्या एका गावातील कवीचे शब्द तबकडीवरून महाराष्ट्रभर गेले, ही घटना केवळ साहित्याच्या इतिहासात बसवणे अपुरे आहे. नाट्यसंगीताचा स्वर प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी घडलेला होता. भावगीताचा स्वर मात्र खोलीत एकट्या बसलेल्या माणसासाठी होता, आणि असा स्वर टिपू शकणारा मायक्रोफोन नसता तर ते काव्य गायनाच्या रूपाने इतक्या घरांत पोहोचले नसते. पुढे जोशी हे एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. देशपांडे यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, परंतु सामान्य श्रोत्याच्या मनात ते ‘शीळ’चेच कवी राहिले.

पॉडकास्ट, म्हणजे श्रोत्याने हवे तेव्हा फोनवर ऐकावे असे ध्वनिमुद्रित कथन, याच जवळच्या आवाजाच्या वंशातले आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे, आता कथन तासभर चालते. मात्र मायक्रोफोन कोणता घ्यावा हा प्रश्न सुटलेला नाही आणि त्याचे उत्तर पुष्कळदा यंत्राच्या किमतीपेक्षा जागेवर ठरते. 1931 साली वेंटे व त्यांचे सहकारी थुरास यांनी आणलेल्या डायनॅमिक प्रकारात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असून ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. हा प्रकार दणकट असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही आणि बारीकसारीक दूरचे आवाज तो कंडेन्सरइतके उचलत नाही. 1939 साली शूर कंपनीच्या युनिडाइनने एकाच पडद्यातून पुढचा आवाज घेणारी व मागचा नाकारणारी हृदयाकृती ग्रहणरचना साधली, जी आजच्या अनेक माईकमध्ये आढळते.

जागेचे हे महत्त्व बुलढाणा जिल्ह्यात स्पष्ट दिसते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे जे दोन भाग केले आहेत, त्यांना स्थानिक लोक घाटावरचे व घाटाखालचे तालुके म्हणतात. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, खामगाव, मलकापूर येथे उन्हाळ्यात पंखा व कूलर बंद ठेवून तासभर बोलणे कठीण असते, पत्र्याचे छप्पर आवाज परतवते आणि रस्ता दाराशीच असतो. अशा घरात कंडेन्सर माईक वक्त्याबरोबर सगळी खोली टिपतो. तेथे हृदयाकृती डायनॅमिक माईक तोंडापासून चार बोटांवर धरून, कूलर त्याच्या पाठीमागे येईल असे बसणे श्रेयस्कर ठरते. गाद्या, गोधड्या आणि पुस्तकांनी भरलेली शांत खोली मिळाल्यास कंडेन्सर आवाजातील बारकावे अधिक चांगले देतो. अंतर दुप्पट केले की थेट आवाजाचा दाब निम्मा होतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून माईक दूर ठेवण्याची सवय महागडे यंत्रही निष्प्रभ करते. फार जवळ गेल्यास हृदयाकृती माईक खर्ज फुगवतो, आणि प, फ, भ या ओठांच्या वर्णांबरोबर सुटणारा श्वास पडद्यावर आदळतो, त्यामुळे माईक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका धरावा.

या तपशिलांचे मोल वऱ्हाडी बोली ध्वनिमुद्रित करून जपण्याच्या बाबतीत विशेष आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 साली निघालेल्या मराठी खंडात वऱ्हाडीचे नमुने लिपिबद्ध झाले, परंतु ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणताना बोलणाऱ्याचा स्वर कसा वळतो, वाक्याच्या शेवटी हेल कोठे पडतो, हे छापील अक्षरांतून कळत नाही. घाटावर आणि घाटाखाली बोलण्याच्या लकबी वेगळ्या आहेत व त्या जुन्या पिढीच्या तोंडी अधिक शुद्ध टिकलेल्या आहेत. फोनवरील संभाषण मुद्रित करून हे काम भागत नाही, कारण जुन्या दूरध्वनी व्यवस्थेतून सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो आणि स, श यांच्यातील फरक पुसट होतो. बोलणाऱ्या वृद्धाला माईक हातात धरायला लावू नये, तो स्टँडवर तोंडाजवळ लावावा, मूळ मुद्रण न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात जपावे आणि दाबलेली प्रत केवळ प्रसारणासाठी काढावी.