फिलिपिनो चुलीवरील कोंबडी

फिलिपाइन बेटांत घरोघरी शिजणाऱ्या पदार्थांत अदोबोचा मान पहिला. कोंबडीचे किंवा डुकराचे तुकडे शिरका, लसूण, मिरे व तमालपत्र ह्यांत मंद आचेवर शिजवावेत, रस आटू द्यावा आणि भाताबरोबर वाढावे, इतकी साधी त्याची कृती. परंतु अदोबो हा शब्द स्पॅनिश आहे, आणि मांस मसाल्यात मुरवणे असा त्याचा मूळ अर्थ. ह्या एका शब्दावरून पुष्कळांनी असे ठरवून टाकले की, स्पेनने तेथे तीनशेहून अधिक वर्षे राज्य केले, तेव्हा कोंबडी कशी रांधावी हेही स्पेननेच त्या लोकांस शिकविले असावे. नावावरून कूळ शोधू जाणाऱ्यांची अशी फसगत नेहमी होते.

मॅगेलनच्या आरमाराबरोबर १५२१ मध्ये ह्या बेटांत आलेल्या आंतोनिओ पिगाफेत्ता ह्या इटालियन गृहस्थाने आपल्या वृत्तांतात पालावान बेटावरील कोंबड्यांची हकीकत दिली आहे. तेथील लोक मोठे माणसाळलेले कोंबडे पाळीत, त्यांच्या झुंजी लावीत. पण काही पूज्यभावामुळे ते खात नसत. म्हणजे कोंबडा तेथे स्पेनच्या गलबतातून उतरलेला नाही, एवढे तरी निश्चित. तीच गोष्ट शिरक्याची. माडाची माडी, उसाचा रस, खाडीकाठच्या निपा नावाच्या ताडाचा रस, ह्यांपैकी जे हाताशी असेल ते आंबवून तेथील लोक शिरका करीत आणि आजही करितात. दमट, उष्ण हवेत मांस एका दिवसात नासते. आंबटात शिजवलेले मात्र बर्फावाचूनही काही दिवस टिकते. ही युक्ती त्या हवेनेच माणसास शिकविली, त्यासाठी सातासमुद्रांपलीकडचा गुरू लागला नाही.

पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा ह्या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने १६१३ मध्ये तागालोग भाषेचा कोश छापविला. तेथील लोकांची ही रीत पाहून त्यास स्वदेशीच्या मुरवलेल्या मांसाची आठवण झाली असावी. त्याने तिला ‘येथील लोकांचा अदोबो’ असे म्हटले. अनोळखी वस्तूस ओळखीचे नाव देणे हा प्रवाशाचा स्वभावच आहे, त्याबद्दल त्या कोशकारास दोष देता येत नाही. पण हळूहळू ‘येथील लोकांचा’ हे शब्द गळून पडले आणि परके नाव तेवढे उरले. पुढे चिनी व्यापाऱ्यांमुळे सोयाबीनचा आंबवलेला काळा रस आला. त्यास तेथे तोयो म्हणतात. अदोबोचा आज सर्वपरिचित असलेला तपकिरी रंग ह्या तोयोचा. तोयोवाचून केलेला पांढरा अदोबो काही घरांत अद्याप होतो, आणि जुन्या कृतीच्या तोच अधिक जवळचा होय.

येथे गोव्याच्या विंदालूची आठवण होणे साहजिक आहे. तेथेही शिरका, लसूण आणि आयबेरियातून आलेले नाव. परंतु दोहोंचा इतिहास उलट आहे. विंदालूचा मूळ पदार्थ पोर्तुगालातूनच आला. गोव्याच्या गृहिणींनी त्यात द्राक्षाच्या मद्याऐवजी माडाचा शिरका घातला, मसाले वाटले व त्यास आपलेसे केले. मनिलाकडे पदार्थ आधीच होता. बाहेरून आले ते केवळ नाव.

रोजच्या जेवणातील दुसरा कोंबडीचा पदार्थ तिनोला. आले, लसूण व कांदा परतून त्यात कोंबडी शिजवावयाची, वर कच्च्या पपईच्या फोडी आणि मलुंगायचा किंवा मिरचीचा पाला, चवीस मासळी आंबवून काढलेला खारा रस. मलुंगाय म्हणजे महाराष्ट्राच्या परसातला शेवगाच. त्याचे मूळ भारतात. पपई अमेरिकेची, १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोतील आकापुल्को व मनिला ह्यांच्या दरम्यान गलबते जात-येत असत, त्या काळात अमेरिकेतील असली कितीतरी झाडे बेटांत रुजली. (देवघेव एकतर्फी नव्हती. त्याच गलबतांवरच्या फिलिपिनो खलाशांनी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर माडी काढण्याची विद्या नेली, आणि तेथे ती आजही तुबा ह्या फिलिपिनो नावानेच विकली जाते.) असा दोन खंडांचा मेळ ज्या मडक्यात झाला, त्याचे नाव मात्र घरचेच राहिले.

ह्याच तिनोलास राष्ट्राच्या इतिहासात स्थान मिळाले. होसे रिझाल ह्यांची ‘नोली मे तान्हेरे’ ही कादंबरी १८८७ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाली. तीत युरोपातून परतलेल्या इबारा ह्या तरुणाच्या स्वागतार्थ मेजवानी होते. तिनोला वाढला जातो. इबाराच्या वाट्यास कलेजी-पेटा येतो, आणि दामासो ह्या मस्तवाल धर्मोपदेशकाच्या ताटात भोपळ्याच्या फोडींत तरंगणारी कोंबडीची नुसती मान व एक चिवट पंख! तो संतापाने ताट दूर सारतो. कोंबडीचा कोणता तुकडा कोणास, हा प्रत्येक घरातला मानपानाचा प्रश्न. रिझाल ह्यांनी त्यातूनच मठांच्या सत्तेचा माज उघडा केला. वाचक हसला, आणि जो हसतो त्याची भीती निम्मी जाते. सत्ताधाऱ्यांस हे कळत होते. त्यांनी रिझाल ह्यांस ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिला येथे गोळ्या घालून ठार केले.

स्पेननंतर अमेरिकेचे राज्य आले व त्याबरोबर टोमॅटोचे केचप. मारिया ओरोसा ह्या फिलिपिनो रसायनज्ञ बाईंनी टोमॅटोऐवजी केळ्यांचे केचप करून दाखविले. आज विस्तवावर भाजावयाच्या कोंबडीस तेच चोपडतात. विजेवाचून चालणारी मातीच्या मडक्याची भट्टीही त्यांनीच घरोघरच्या गृहिणींसाठी रचली. मनिलाच्या लढाईत, १३ फेब्रुवारी १९४५ रोजी, तोफगोळ्याच्या तुकड्याने त्यांचा मृत्यू झाला. बाटलीवर केचप हे परके नाव तेवढे राहिले, बाईंचे नाही.

नावाचा हा खटला अद्याप मिटलेला नाही. २०२१ च्या जुलैत फिलिपाइन सरकारच्या वाणिज्य व उद्योग खात्याने अदोबोची प्रमाणभूत कृती ठरविण्याचे मनावर घेतले, आणि देशभर एकच गिल्ला झाला. बिकोलकडे त्यात नारळाचे दूध घालतात, बातांगासकडे हळद; मग प्रमाण कोणाच्या मडक्याचे? शेवटी खात्यास खुलासा करावा लागला की, ही कृती परदेशी लोकांस पदार्थाची ओळख करून देण्यापुरती आहे, घरच्या स्वयंपाकावर तिचे बंधन नाही. तेव्हापासूनही बिकोलात नारळ खवला जातोच आहे, आणि बातांगासचा अदोबो पिवळाच आहे.